सही करण्याआधी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आठवणींवर फार छान बोलणं झालं. तलावावर पोहायला गेलेल्यांची नावं तीस वर्षांनी सरांसमोर जाहीर झाली, हेही बरंच झालं. मी मात्र कामाचं बोलणार आहे. चहाच्या वेळी सात-आठ जणांनी मला बाजूला घेऊन जवळजवळ एकच विचारलं. पोरगी बी.एस्सी. झाली, पुढं एम.एस्सी. करू द्यावं का? पोराला परदेशात एम.एस. करायचंय, बँक कर्ज देईल का? पुण्यातल्या एका महाविद्यालयात गेली सव्वीस वर्षं मी पदव्युत्तर प्रवेशाचं टेबल सांभाळतो, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येतात. एकेकाला कोपऱ्यात सांगण्यापेक्षा सगळ्यांना इथूनच सांगतो.

पात्रतेचं थोडक्यात. तीन वर्षांची पदवी असेल तर पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एक वर्षाचा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर पदव्युत्तर पदविका मिळते. एम.बी.ए.ला सीईटी द्यावी लागते, पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४५. हे सगळं पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. अडतं ते दाखल्यांवर. नॉन-क्रीमीलेअरवर ३१ मार्चची मुदत असते आणि ती संपली हे आपल्याला जुलैत कळतं. मग दौंडच्या तहसीलला पळापळ. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, तेही आधी कोणाच्या ध्यानात नसतं.

आता जिथे पैसे अडकतात तिथे येतो. प्रवेश घेताना आपण जी सही करतो तो करार असतो, पण आपण तो करार म्हणून वाचत नाही. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहताना आपण कागद वाचतो का? माणूस बघतो आणि सही ठोकतो. गावात ते चालून जातं, कारण माणूस उद्या पारावर भेटणार असतो. संस्थेचा छापील फॉर्म पारावर भेटत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतीचे टप्पे ठरवून दिले. प्रवेशाची जी अखेरची तारीख जाहीर होते, तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर सगळी फी परत. त्यातून प्रक्रिया शुल्क म्हणून फार तर ५ टक्के कापता येतात, तेही ५ हजारांच्या वर नाही. त्या तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८०, पुढे तिसाव्या दिवसापर्यंत ५० आणि त्यानंतर काही नाही. मधल्या काळात आयोगाची वेगळी परिपत्रकंही निघाली आहेत, म्हणून त्या त्या वर्षाचं बघायचं. त्याच सूचनेत आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या मते फीपेक्षा मोठी. मूळ गुणपत्रिका आणि दाखले संस्थेने पडताळून लगेच परत द्यायचे असतात, अडकवून ठेवायचे नसतात. आपल्याच भागातल्या एका मुलीचे मूळ कागद एका संस्थेने कपाटात ठेवले होते. दुसरीकडे चांगल्या ठिकाणी नंबर लागला, तर पहिल्यांनी दोन्ही वर्षांची फी मागितली. वडील ऊस बिलाची वाट बघत होते, मागतील ते भरायला निघाले होते. मी आयोगाच्या सूचनेची प्रत दिली आणि लेखी अर्ज करायला लावला. तिसऱ्या दिवशी कागद मिळाले.

कर्जाचं. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत आईवडील सहकर्जदार एवढं पुरतं. ७.५ लाखांच्या वर तारण लागतं. इथे आपली फसगत होते. सात-बारा घेऊन बँकेत जातो आणि बहुतेक ठिकाणी साहेब तो परत करतात, कारण शेतजमीन जप्त करण्याच्या कायद्यातून वगळलेली आहे. बिगरशेती प्लॉट किंवा घर मागतात. शिकत असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. हे वाक्य दोनदा वाचा. कालव्याला पाणी नसलं तरी पाणीपट्टी येते, तसं.

तिसरा कागद सेवेच्या बंधपत्राचा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी., एम.एस. होणाऱ्याने राज्यात एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर ५० लाख भरायचे. आकडा ऐकून घाबरू नका. सरकारने आपल्या पैशावर डॉक्टर घडवला, तर एक वर्ष मागण्यात मला काही गैर वाटत नाही. मात्र सेवेचा करार वाचायचा कसा, हे समजायला महाराष्ट्राला ठाऊक असलेलं एकच उदाहरण पुरेसं आहे.

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी एका तरुण पदवीधराने करार केला. सयाजीराव महाराज त्याला शिकायला अमेरिकेत पाठवणार होते. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात त्याने ठरलेले विषयच शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. तरुणाचं वय बावीस. वडील त्याच वर्षी फेब्रुवारीत वारले होते. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये तो एम.ए. झाला. पुढे लंडनला गेला, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून, करारात लिहिल्याप्रमाणे, बडोद्याला हजर झाला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल.

करारात त्यांच्याकडून काय हवं ते सगळं होतं. बडोद्यात ते झोपणार कुठे, हे कुठेच नव्हतं. जात कळली की हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. ओळखीच्या दोघांकडे विचारलं, त्यांनीही सोय केली नाही. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दहा वर्षांची अट अशी दोन आठवड्यांतच मोडीत निघाली. अट घालणाऱ्याने मुक्कामाची जबाबदारी घेतली नव्हती, म्हणून.

सयाजीरावांचं ऋण मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही. ती शिष्यवृत्ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण माझ्या टेबलावर बंधपत्र आलं की मी पोराला विचारतो, तू काय द्यायचंस ते झालं, त्यांनी काय द्यायचंय ते कुठल्या कलमात आहे ते दाखव. वसतिगृह मिळणार का? नेमणुकीचा आदेश किती महिन्यांत? आदेश आलाच नाही तर बंधन सुटणार की लटकत राहणार? विद्यावेतन बंद पडलं तर? बहुतेक वेळा पानं उलटून उलटून पोरगं गप्प होतं. मग आपण तेवढं लेखी विचारतो. नेहमी उत्तर येतं असं नाही, पण पोच तरी राहते.

परदेशाचं एवढंच सांगतो. ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स आपल्याकडे चालेल का, ही शंका पूर्वी खरी होती. जुलै २०२२ मध्ये दोन्ही देशांचा पदव्यांच्या मान्यतेचा करार झाला, पण वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या व्यावसायिक पदव्या त्यात नाहीत. तेव्हा पोराची पदवी कुठली ते आधी बघा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी आहे. वर्षाला ७५ जागा, मास्टर्सला वय ३५ पर्यंत. अटी अधूनमधून बदलतात, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या पोराचं ऐकून अर्ज भरू नका.

माझी दहा मिनिटं संपली, सर घड्याळाकडे बघतायत. वर्गात असताना याच नजरेने मी खाली बसायचो. दिवाळीत आठ दिवस मी वरवंडलाच असतो. फॉर्म, बंधपत्र, बँकेचं पत्र, जे असेल ते घेऊन घरी या, पोरांनाही आणा, सावकाश बसून वाचू. फक्त सही करायच्या आधी या.