लहान सिलिंडर आणि आपले स्वयंपाकघर
(हळदीकुंकवाच्या सभेत केलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते माझ्या कानावर आले! पण मोठ्या सिलिंडरमधला गॅस घरच्या घरी लहान सिलिंडरमध्ये भरून घेणे आपल्या आळीत किती चालते, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. कुणाचा मुलगा परगावी खोली घेऊन शिकतो, कुणाची वडापावची गाडी आहे. मग कोणी ओळखीचा नळी घेऊन येतो आणि काम होते. पैसे वाचतात, हे मी नाकारीत नाही.

पण आत काय असते ते पाहा. दाबाखाली पातळ झालेला प्रोपेन आणि ब्यूटेन. ऊन लागले की हा द्रव फुगतो. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे ३३ लिटर पाणी मावेल. कारखान्यात मात्र वजन करून जेवढा गॅस भरतात, तो साधारण पाचांतले चार भागच व्यापतो. उरलेली जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली. दूध तापवताना आपण पातेले काठोकाठ भरतो का? नळीवाल्याजवळ काटा नसतो. टाकी गच्च भरली आणि तापली, म्हणजे द्रवाला फुगायला जागाच उरत नाही; मग टाकी फाटते. त्यातून ती भांड्यांच्या दुकानातली, बिनशिक्क्याची असली तर विचारूच नका.

शिवाय भरताना गळती होते ती निराळीच. एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो, आणि तो हवेहून जड. वर खिडकी उघडी असली तरी तो ओट्याखाली, मोरीत साचून राहतो. तेवढ्यात फ्रिजचा खटका पडला किंवा शेजारच्या खोलीत निरांजन लागले, की झाले! त्यात शेजारणीचे घरही जाते, आणि तिला तर कुणी विचारलेलेही नसते.

सन २००० च्या सरकारी आदेशाने असे भरणे हा गुन्हाही आहे. ते असो. सोय कोणती, हे सांगते. तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर मिळतो. इंडियन ऑइलने २०२० साली त्याचे नाव ‘छोटू’ ठेवले. ओळखपत्र दाखवून तो घेता येतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. रिकामा द्यावा, भरलेला आणावा. किलोमागे तो महाग पडतो, आणि खरी अडचण तीच आहे. म्हणून माझी सूचना अशी की, गाडी चालवणाऱ्या आपल्या भगिनींना पहिल्या सिलिंडरची रक्कम मंडळाच्या शिलकेतून उसनी द्यावी. अध्यक्षबाईंनी आजच ती मतास टाकावी.

सिलिंडर घेताना कड्याखालच्या पट्टीवरची तपासणीची तारीख वाचावी. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, असे ‘डी’पर्यंत, पुढे साल. ती उलटून गेलेली असेल तर परत करावा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करून दारे उघडावीत, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करावा. हा क्रमांक फळ्यावर लिहिते आहे. चष्मा विसरलेल्यांनी शेजारणीकडून उतरवून घ्यावा.