बकरीचे बारा डोळे

(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'शिक्षणासाठी तरुणांनी काय करावं'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी लायकी नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि संध्याकाळी स्वतःच्या निस्तरतो. म्हणून मी एका संग्रहालयाबद्दल बोलणार आहे. तिथे शाळेच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात. आम्ही इचलकरंजीत त्याची नक्कल करायला गेलो आणि पहिल्यांदा चांगलंच तोंडावर आपटलो, तेही सांगतो.

तुमच्या खुर्चीवर एक कार्ड ठेवलंय. त्यावर डावीकडे फुली आहे आणि चार बोटं सोडून उजवीकडे एक काळा ठिपका. कार्ड हातभर लांब धरा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कार्ड हळूहळू जवळ आणा. ठिपक्याकडे बघायचं नाही.

गेला ना ठिपका? आणखी जवळ आणा, परत येईल.

दहावीत मी मानवी डोळ्याची आकृती काढली होती. पारपटल, बुबुळ, बाहुली, भिंग, दृष्टिपटल, सगळी नावं पट्टीने रेघा ओढून. पैकीच्या पैकी गुण. अंधबिंदूची व्याख्या अजून पाठ आहे. पण माझ्या स्वतःच्या डोळ्यात तो आहे आणि दोन मिनिटांत सापडतो, हे मला कळायला तिशी उलटावी लागली. आणि ते दाखवलं सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माझ्या शेजाऱ्याने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं तिकडे होतो. शेजारी सातवीला विज्ञान शिकवायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन संग्रहालयात जायचा आणि संध्याकाळी फुगे, लोहचुंबक, पुठ्ठे घेऊन परत यायचा. मला वाटलं, याचं काहीतरी बिनसलंय.

त्या संग्रहालयाचं नाव एक्स्प्लोरेटोरियम. १९६९ साली सुरू झालं. २०१३पासून ते बंदरावरच्या पिअर १५ या जागेत आहे. तिथे काचेमागे ठेवलेल्या वस्तू जवळपास नाहीतच. सगळं हात लावून फिरवायचं, ढकलायचं, बिघडवायचं. प्रदर्शनं बनवण्याचा कारखानाही लोकांच्या डोळ्यांसमोर. वेल्डिंग, लेथ, करवत, सगळं दिसतं. मी भंगारवाल्याचा मुलगा. मला तिथे घरी आल्यासारखं वाटलं.

ते ज्यांनी उभारलं त्यांच्याबद्दल थोडं सांगतो. फ्रँक ओपेनहायमर. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, त्याच प्रकल्पात काम केलेले. १९३०च्या दशकात ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. आधी त्यांनी ते नाकारलं आणि १९४९ साली संसदीय समितीसमोर कबूल केलं. दुसऱ्या कुणाची नावं मात्र दिली नाहीत. मिनेसोटा विद्यापीठातली नोकरी गेली. दुसरं कुठलं विद्यापीठ घेईना, पासपोर्ट मिळेना. घरात व्हॅन गॉगचं एक चित्र होतं, ते विकून त्यांनी कोलोरॅडोच्या डोंगरात जमीन घेतली आणि गुरं पाळली. (आपल्याकडे अडचणीला विकायला व्हॅन गॉग नसतो, हे मलाही माहीत आहे.) जवळपास दहा वर्षं अशी गेली. १९५७ साली पॅगोसा स्प्रिंग्ज नावाच्या लहानशा गावातल्या हायस्कुलात त्यांना विज्ञान शिकवायचं काम मिळालं. प्रयोगशाळा म्हणावी असं फारसं काही नव्हतं. मग ते मुलांना गावाच्या उकिरड्यावर न्यायचे. टाकून दिलेल्या गाड्यांचे भाग उचलायचे आणि त्यावरून यंत्रशास्त्र, उष्णता, वीज शिकवायचे. त्या गावाच्या मुलांनी पुढे राज्याच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षिसं घेतली.

हे मी अब्बांना फोनवर सांगितलं. अब्बा म्हणाले, "म्हणजे भंगारच ना?" मी म्हटलं, भंगारच.

या माणसाने काढलेल्या संग्रहालयात १९८४ साली शिक्षकांसाठी वेगळा विभाग सुरू झाला, टीचर इन्स्टिट्यूट. सहावीपासून बारावीपर्यंत विज्ञान शिकवणारे शिक्षक उन्हाळ्यात काही आठवडे तिथे येतात. शिकवायला संग्रहालयाचे शास्त्रज्ञ असतात आणि वर्गात वर्षानुवर्षं घालवलेले जुने शिक्षकही. मी काही तिथे बसलेलो नाही. शेजाऱ्याकडून ऐकलं आणि शनिवार-रविवारी संग्रहालयात भटकलो, तेवढंच. पण त्याचं एक वाक्य लक्षात राहिलं. तो म्हणाला, पहिल्या दिवशी मला मी मास्तर आहे हेच विसरायला लावतात. समोर वस्तू येते, ती अशी का वागते ते तुमचं तुम्ही शोधायचं. चुकायचं, शेजारच्याशी भांडायचं, पुन्हा करून बघायचं. समोरचा शास्त्रज्ञ उत्तर माहीत असूनही गप्प बसतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. संग्रहालयाने १९७०च्या दशकात आपली प्रदर्शनं कशी बनवायची याच्या पाककृती छापल्या. त्या पुस्तकाचं नावच 'कुकबुक'. जगातल्या कुठल्याही संग्रहालयाने बघून बनवावीत. पण शिक्षक म्हणाले, आमच्या वर्गात एवढं अवजड यंत्र कुठे मावणार? मग शिक्षकांनीच त्यांच्या लहान, स्वस्त आवृत्त्या केल्या. पुठ्ठा, दोरा, चिकटपट्टी. कुकबुकातलं ते जेवण, म्हणून याला नाव पडलं 'स्नॅक्स'. १९९१ साली त्याचं पुस्तक आलं आणि आज ते सगळे प्रयोग इंटरनेटवर फुकट आहेत. तुमच्या हातातलं कार्ड हा त्यातलाच एक. शिवाय सुट्टी संपली की नातं संपत नाही. वर्षाच्या मधल्या शनिवारीही शिक्षक तिथे परत जातात. माझा शेजारी कितीतरी वर्षं जात होता.

आता इचलकरंजी.

माझी थोरली बहीण, आपा, उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. १६ वर्षं झाली. मी परत आलो तो डोक्यात हे सगळं घेऊन. आपाला म्हटलं, शिक्षक जमव, आपण कार्यशाळा घेऊ. तिने तीन शाळांतले १४ शिक्षक गोळा केले. रविवार होता. मी लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि ६२ स्लाइड घेऊन गेलो. विषय काय, तर 'करून शिकणं'. सव्वा तास बोललो. आता हसताय तुम्ही, तेव्हा मला कळलंच नाही. दोन सर मागे मोबाइल बघत होते. एक मॅडम वह्या तपासत होत्या, मन लावून. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा घेतला आणि गेले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आपाला टोमणे बसले, तिच्या शब्दाखातर लोकांनी रविवार घालवला होता ना. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "हमना पढाने आया क्या रे तू? सव्वा तासात आमच्यापैकी एकाचा तरी हात कशाला लागला?"

खरं सांगू का, या एका प्रश्नाने मला माझ्या शेजाऱ्याच्या तीन वर्षांच्या गप्पांपेक्षा जास्त शिकवलं.

दुसऱ्या वेळी लॅपटॉप घरी ठेवला. एक्स्प्लोरेटोरियममध्ये गाईचा डोळा कापून दाखवण्याचा कार्यक्रम फार जुना आहे. शाळकरी वयाची मुलं-मुली तिथे पगारावर काम करतात आणि तीच तो पाहुण्यांसमोर कापतात. आपल्याकडे गाईचा विषयच नको. मी मटणवाल्या चाचांकडे गेलो आणि बारा डोळे मागितले. ते म्हणाले, "मुंडी घे ना, नुसते डोळे कोण खातं?" शाळेसाठी पाहिजेत म्हटल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत. नात त्याच शाळेत नववीत आहे.

या वेळी नऊच शिक्षक आले. जोडीला एक डोळा, एक ब्लेड, एक कात्री, एक ताट. सुरुवातीला नाकं मुरडली. एक सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले ते शेवटपर्यंत तिथेच. मग एका मॅडमनी बुरख्याच्या बाह्या वर केल्या, हातमोजे चढवले आणि म्हणाल्या, "बकरीदला करतोच की आपण."

कापल्यावर आधी पाणी येतं. मग काचेसारखा पारदर्शक गोळा, जेलीसारखा. त्यातून भिंग निघतं. पुस्तकातल्या आकृतीत ते चपटं दिसतं. हातात आलं की वाटाण्यापेक्षा मोठा, स्वच्छ मणी. वर्तमानपत्रावर ठेवलं तर खालचं अक्षर मोठं दिसतं. हातभर लांब धरून त्यातून खिडकीकडे बघितलं तर अख्खी खिडकी उलटी, गज, झाड, आणि तिथे उभे असलेले आमचे सरही उलटे. तेव्हा पहिल्यांदा वर्गात आवाज झाला.

आपा मात्र मागच्या भागात अडकली होती. दृष्टिपटल शोधत होती. ते म्हणजे पातळ, बुळबुळीत साय. चिमट्याने ओढली तर सगळीकडून सुटते आणि एकाच जागी चिकटून राहते. त्या जागी मज्जातंतू बाहेर पडतो. तोच अंधबिंदू, तुमचा हरवलेला ठिपका. आपा बराच वेळ ते बघत राहिली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "पडदा म्हणजे मी १६ वर्षं मुलींना थिएटरचा पडदा सांगत आले."

मला भीती वाटली की आता कुणीतरी हसेल. सायखाली निळी-हिरवी, मोरपिसासारखी चमक होती. तिने विचारलं, हे काय? पुस्तकाच्या आकृतीत याचं नावच नाही. मला माहीत होतं. गप्प बसणं फार जड गेलं, कारण आपण इंजिनिअर लोक उत्तर देण्यासाठीच जन्मलोय असं आपल्याला वाटतं. पाच मिनिटं गेली. खिडकीतले सर तिथूनच म्हणाले, "रात्री गाडीच्या दिव्यात जनावरांचे डोळे चमकतात, ते हेच का?" दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "मग माणसाचे का चमकत नाहीत? आपल्यात हे नसेल." बरोबर. माणसाच्या डोळ्यात तो थर नसतो.

इथे थोडं आपल्याबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर इब्न अल-हैथमचं चित्र तुम्हा सगळ्यांना आलेलं असेल. 'कॅमेरा मुसलमानांनी शोधला', खाली पंधरा टाळ्या. माणूस खरोखर मोठा होता. बसऱ्यात जन्मलेला, कैरोत राहिलेला, हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' लिहिणारा. डोळ्यातून किरण बाहेर जातात म्हणून दिसतं, असं युक्लिड आणि टॉलेमी मानत. याने मांडलं की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. एका छिद्रासमोर अनेक दिवे ठेवून, एकेक झाकून, भिंतीवरचा कुठला ठिपका विझतो ते त्याने बघितलं. आम्ही तो प्रयोग त्याच दुपारी तीन मेणबत्त्या आणि छिद्र पाडलेल्या पुठ्ठ्यावर केला. पण तोच इब्न अल-हैथम भिंगाबाबत चुकला. बघण्याचं काम भिंग करतं असं त्याला वाटत होतं आणि डोळ्यात प्रतिमा उलटी पडते हे त्याने मान्य केलं नाही. दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते हे केपलरने १६०४ साली मांडलं. आमच्या नऊ शिक्षकांनी त्या दिवशी उलटी खिडकी बघितली, तेव्हा त्यांना कळलं की तो कुठे अडला असेल. माझ्या मते त्याच्या फोटोला टाळ्या वाजवण्यापेक्षा यात त्याचा मान जास्त आहे. जुन्या ग्रंथांवर शंका घ्या, असं तोच सांगून गेलाय.

आपल्या मोहल्ल्यांत शिक्षणासाठी काही होत नाही असं नाही. वह्यावाटप होतं, गुणगौरव होतो. मलाही शाल आणि ट्रॉफी मिळालीय, ट्रॉफी अजून फ्रिजवर आहे. पण ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यासाठी कुणी कधी काही केल्याचं मला आठवत नाही. मुंबईत १९८५पासून नेहरू सायन्स सेंटर आहे. आपा तिथे दोनदा गेली, दोन्ही वेळा सहल घेऊन. सगळा वेळ मुली मोजण्यात गेला. स्वतः एकाही यंत्राला हात लावला नाही.

परवा तिचा फोन आला, मी ऑफिसात होतो. मटणवाल्या चाचांची नात, मागच्या बाकावर बसणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने विचारलं होतं, "मॅडम, बकरीची बाहुली आडवी का असते? आमच्या दुकानातल्या सगळ्यांची आडवीच असते." आपा म्हणाली, "मला माहीत नाही," आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. आठवडाभर कुणी पुसला नाही. मग ती मुलगी सांगत आली की बकरी चरायला मान खाली घालते तेव्हाही फट आडवीच राहते, डोळा आत फिरतो. तिने घरच्या बकऱ्यांवर बघितलं होतं. हे खरं आहे. चहूकडून येणारा शिकारी दिसावा म्हणून ती रचना असते, असं संशोधक सांगतात. पण आपाने मला ते विचारायला फोन केलाच नव्हता. तिला पुढच्या कार्यशाळेसाठी २० डोळे हवे होते, आणि त्या मुलीलाही बसवायचं होतं, शिक्षकांच्या बाजूला, कापून दाखवायला.

तारीख दिवाळीच्या सुट्टीतली आहे, जागा तीच. तुमच्यापैकी कुणाच्या घरी भंगारचं दुकान असेल तर मला जुन्या स्पीकरचे लोहचुंबक आणि झेरॉक्स मशीनची भिंगं पाहिजेत. अब्बा म्हणतात, आता त्यांच्याकडून फुकट मिळणार नाही, वजनावर घ्यावं लागेल. जेवणाच्या सुट्टीत मी दाराशी उभा आहे.