वर्षाचे चित्रपट आणि पहिला क्रमांक

दिवाळीच्या पाडव्यास व्यापारी जुन्या वहीचा हिशेब मिटवून नव्या वहीची पूजा करतो. इंग्रजी वर्ष सरत आलें म्हणजे शहरांतील अनेक सुशिक्षित घरांत असाच एक हिशेब निघतो. मात्र तो पाहिलेल्या चित्रपटांचा असतो. बारा महिन्यांत काय काय पाहिलें, त्यांत पहिला कोण, दुसरा कोण, दहावा कोण, याची यादी जेवणाच्या पानावर बसून केली जाते आणि वाद रंगला म्हणजे पानांतील आमटी निवून जाते. हा रिकामपणाचा उद्योग आहे असें म्हणणारे वडीलधारे पुष्कळ आढळतात. परंतु ज्या गोष्टीसाठीं माणूस आपला वेळ, पैसा आणि कांहीं अंशीं आपले अश्रूहि खर्च करतो, तिचा हिशेब ठेवण्यांत गैर तें काय? तो हिशेब खरा कसा ठेवावा, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

छत्रपति संभाजीनगर, म्हणजे सन २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, या शहराच्या क्रांति चौकाजवळ राहणारें एक कुटुंब श्रोत्यांनीं कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. १८५७ च्या उठावांतील सैनिकांस जेथें देहदंड झाला, त्या काळ्या चबुतऱ्याची स्मृति या चौकाशीं जडलेली आहे. शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा येथें उभा आहे आणि जालना रस्त्याची रहदारी रात्रंदिवस त्याच्या बाजूनें वाहत असते. अशा गजबजलेल्या ठिकाणच्या या घरांत आजी, वडील, आई आणि महाविद्यालयांत शिकणारी मुलगी अशीं चार माणसें आहेत, आणि तीं सन २०२४ ची यादी करावयास बसलीं आहेत.

आजीनें पहिला क्रमांक दिला ‘लापता लेडीज’ या हिंदी चित्रपटास. किरण राव यांच्या या चित्रपटांत आगगाडीच्या प्रवासांत दोन नववधूंची अदलाबदल होते, कारण दोघींच्याहि तोंडावर सारखाच पदर ओढलेला असतो. हसतां हसतां डोळे भरून यावेत असें फार वर्षांनीं घडलें, एवढेंच आजीचें म्हणणें. आईचा कौल परेश मोकाशी यांच्या ‘नाच गं घुमा’ला. नोकरी करणारी गृहिणी आणि तिच्या घरीं काम करणारी बाई यांचें भांडण व जिव्हाळा हा त्या कथेचा विषय. आणि सकाळीं कामवाली आली नाहीं म्हणजे घराचें चक्र कसें अडतें, हें आईला कोणी सांगावयास नको. वडिलांनीं आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ पुढें केला. नांदेड जिल्ह्यांतील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांनीं गांवांत पाणी आणण्यासाठीं केलेल्या खटपटीवर तो आधारलेला आहे. गांवांत पाणी नाहीं म्हणून तेथें मुलगी देण्यास कोणी धजत नाहीं, ही त्यांतील व्यथा मराठवाड्यांत वाढलेल्या माणसाच्या जिव्हारीं लागल्यावांचून राहत नाहीं.

मुलीनें मात्र पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’शिवाय दुसरें नांव ऐकूनच घेतलें नाहीं. मुंबईंत नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्याच रुग्णालयांत स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची पार्वती, यांची ती कथा. सन २०२४ च्या मे महिन्यांत फ्रान्समधील कान महोत्सवांत या चित्रपटास ‘ग्राँ प्री’ हा तेथील दुसऱ्या क्रमांकाचा बहुमान मिळाला. आजीनें हा चित्रपट पाहिलेला नव्हता आणि नातीस आजीची निवड फार बाळबोध वाटत होती. बोलतां बोलतां निघालें तें असें, कीं आजीच्या चित्रपटांतील स्टेशनवर चहाची टपरी चालविणारी मंजूमाई आणि नातीच्या चित्रपटांतील पार्वती या दोन्ही भूमिका छाया कदम यांनीच केलेल्या आहेत. एकमेकींच्या यादीस नाकें मुरडणाऱ्या दोघी एकाच अभिनेत्रीवर प्रसन्न झाल्या होत्या!

हा वाद वरवर पाहतां चार चित्रपटांचा दिसतो. वस्तुतः तो चार प्रश्नांचा आहे. मन कशानें हेलावलें, असें आजी विचारते. घरांतलें रोजचें जगणें पडद्यावर कोठें खरें उतरलें, हा आईचा प्रश्न. लोकांच्या जीवनांतील कोणत्या दुःखास वाचा फुटली, हें वडील पाहतात. आणि चित्रपटाची कला कोणी पुढें नेली, हें मुलगी शोधते. तांदूळ वजनानें मोजतात आणि कापड लांबीनें. या दोहोंत अधिक कोणतें, याला उत्तर नाहीं. त्याचप्रमाणें चार प्रश्नांचीं उत्तरें एकाच शिडीच्या पायऱ्यांवर उभीं करतां येत नाहींत. म्हणून यादीच्या माथ्यावर तिचा प्रश्न लिहिलेला असावा, ही पहिली शिस्त होय. प्रश्न लिहिला कीं निम्मा तंटा तेथेंच मिटतो आणि उरलेला निम्मा ऐकण्यासारखा होतो.

दुसरी अडचण ‘वर्ष’ या शब्दाची. ‘पाणी’ या चित्रपटास पर्यावरण-संवर्धनविषयक उत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें तें सन २०१९ च्या चित्रपटांसाठीं. त्याची घोषणा झाली २०२१ च्या मार्चमध्यें. आणि चित्रपटगृहांत तो आला २०२४ च्या ऑक्टोबरांत. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चा व्हेनिस येथें २०१४ मध्यें गौरव झाला, पण येथील प्रेक्षकांस तो २०१५ च्या एप्रिलांत दिसला. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’नें कॅनडांतील टोरोंटो येथें २०२३ मध्यें पारितोषिक मिळविलें आणि तो आपल्या राज्यांत लागला २०२५ च्या मार्चमध्यें. मग हे चित्रपट कोणत्या वर्षाचे? पारितोषिक देणाऱ्यांचें वर्ष वेगळें, विकणाऱ्यांचें वेगळें आणि पाहणाऱ्यांचें वेगळें. घराची यादी पाहणाऱ्यांची आहे. तेव्हां तिनें पाहिल्याची तारीख धरावी, हेंच प्रामाणिकपणाचें. सन १९३६ चा ‘संत तुकाराम’ मुलीनें प्रथम यंदाच पाहिला असेल, तर तो तिच्या यंदाच्या यादींत आनंदानें यावा.

तिसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यादींत कोणास प्रवेश होता, हें कळल्याखेरीज पहिल्या क्रमांकाचा अर्थ कळत नाहीं. सन १९५३ च्या चित्रपटांचें उदाहरण बोलकें आहे. भारत सरकारनें १९५४ मध्यें प्रथमच राष्ट्रीय पारितोषिकें दिलीं, तेव्हां राष्ट्रपतींचें सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालें आणि बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा ज़मीन’ला गुणवत्तेचें प्रशस्तिपत्र लाभलें. त्याच १९५४ मध्यें ‘फिल्मफेअर’नें वाचकांच्या कौलानें आपलीं पारितोषिकें सुरू केलीं, तेव्हां सर्वोत्कृष्ट ठरला ‘दो बिघा ज़मीन’. आतां यावरून वाचकांनीं सरकारचा निर्णय फिरविला असें कोणी म्हणेल, तर तें चुकीचें होईल. सरकारच्या दारांतून सर्व भारतीय भाषांस प्रवेश होता. दुसरें दार फक्त हिंदी चित्रपटांचें होतें. श्यामची आई तेथें हरली नाहीं. ती तेथें गेलीच नव्हती. एकच वर्ष, दोन सर्वोत्कृष्ट, आणि दोन्ही निकाल आपापल्या जागीं ठीक! पुढें मराठीस तो सर्वोच्च राष्ट्रीय मान पुन्हा मिळावयास सन २००३ च्या चित्रपटांपर्यंत थांबावें लागलें. तो मान संदीप सावंत यांच्या ‘श्वास’नें आणला. त्यानंतर ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनींहि तो मिळविला.

मोठमोठ्या जाणत्यांच्या याद्याहि काळापुढें टिकत नाहींत, हें इंग्लंडमधील ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या अनुभवावरून दिसतें. जगांतील सर्वोत्तम चित्रपट कोणता, याविषयीं समीक्षकांचा कौल हें मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनीं घेत आलें आहे. पहिल्या खेपेस इटलीच्या दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ अग्रस्थानीं होता. ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ला पहिल्या दहांतहि जागा नव्हती. तोच ‘सिटिझन केन’ १९६२ पासून २००२ पर्यंत ओळीनें पांच वेळां पहिला आला. २०१२ मध्यें हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’नें त्याला खालीं उतरविलें, आणि २०२२ मध्यें, मतदारांची संख्या सोळाशेंच्या वर गेली तेव्हां, शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ मधील ‘जान डीलमन’ सर्वांच्या वर जाऊन बसला. या चित्रपटांत काय आहे? एका गृहिणीचे तीन दिवस! ती बटाटे सोलते, भांडीं घासते, बिछाना घालते. आणि तीन तासांहून अधिक वेळ प्रेक्षक तें पाहत राहतो. घरांतलें रोजचें जगणें पडद्यावर कोठें खरें उतरलें, हा क्रांति चौकाजवळच्या आईचा प्रश्न समीक्षकांच्या मेळाव्यांत इतका वर चढावयास सत्तर वर्षें लागलीं. चित्रपटांची चित्रफीत तीच राहिली. मत देणारीं माणसें बदललीं आणि अधिक झालीं.

आतां शहराकडे वळावें. जगांत वर्षाला हजारों चित्रपट निघतात. एका शहराच्या पडद्यांवर त्यांतील अगदीं थोडे येतात. ही उणीव कांहीं अंशीं भरून काढण्याचें काम अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव करीत आला आहे. त्याचा दहावा मेळावा २०२५ च्या जानेवारींत पांच दिवस भरला. सई परांजपे यांस त्या वेळीं पद्मपाणि जीवनगौरव पुरस्कार देण्यांत आला, आणि परदेशींच्या व इतर भारतीय भाषांतील चित्रपट पाहण्याची संधि मराठवाड्यांतील रसिकांस मुंबई-पुण्यास न जातां मिळाली. परंतु पांच दिवस म्हणजे वर्ष नव्हे. उरलेल्या दिवसांत मराठी चित्रपटांस, विशेषतः ज्यांत नामांकित नट नाहींत अशा चित्रपटांस, सोयीची वेळ मिळणें कठीणच जातें. २०१५ मध्यें महाराष्ट्र शासनास मल्टिप्लेक्स चित्रपटगृहांत मराठी चित्रपटांस चांगली वेळ मिळावी म्हणून निर्णय घ्यावा लागला, यावरून तें दुखणें किती जुनें आहे हें दिसेल.

आणि येथेंच या निरुपद्रवी यादीचा गंभीर भाग येतो. चित्रपट किती दिवस राहावयाचा, हें बहुधा पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवरून ठरतें. मोठा चित्रपट जाहिरातीच्या जोरावर ते दोन दिवस भरून काढतो. लहान चित्रपटाजवळ जाहिरात असते ती पाहून आलेल्या माणसाच्या तोंडची. तें तोंड डिसेंबरांत उघडलें, तर मार्चमध्यें लागलेल्या चित्रपटास त्याचा काडीचा उपयोग नाहीं. घरांतील चारहि माणसांनीं ज्याला वर्षाअखेर एकमुखानें चांगला म्हणावें, असा चित्रपट मोकळ्या खुर्च्यांपुढें आठवडाभर चालून निघून गेला, असें होऊं शकतें. त्या खुर्च्यांपैकीं कांहीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस वेळेवर न सांगितल्यामुळें मोकळ्या राहिलेल्या असतात.

तेव्हां ज्या घरास हा नाद आहे, त्यानें एक लहानशी वही ठेवावी. चित्रपट पाहून आल्यावर त्याच रात्रीं तारीख, ठिकाण आणि दोन ओळी लिहाव्यात. आणि आवडला असल्यास दुसऱ्याच दिवशीं निदान दोन घरीं कळवावें. वर्षाअखेर त्या दोन ओळी पुन्हा वाचाव्यात. त्या रात्रीं डोक्यावर घेतलेला एखादा चित्रपट डिसेंबरांत आठवतहि नाहीं, आणि ज्याला जेमतेम बरा म्हटलें होतें त्यांतील एखादें दृश्य चूल पेटवितांना, बसची वाट पाहतांना, सारखें डोळ्यांपुढें येत राहतें, असें पुष्कळदां आढळेल. क्रमांक द्यावा तो या दुसऱ्या भेटीनंतर. दहा क्रमांकांचीहि जरूर नाहीं; पहिले तीन पुरेत, कारण सातवा कोण आणि आठवा कोण, हें चढाओढीखेरीज दुसरें कांहीं सांगत नाहीं. आणि वहीच्या शेवटच्या पानावर जे पाहावयाचे होते पण पाहतां आले नाहींत, अशा चित्रपटांचीं नांवें लिहावींत. यादी किती अपुरी आहे, याची ती प्रामाणिक कबुली होईल आणि पुढील वर्षाची तरतूदहि.

मग पहिला क्रमांक कोणास? ज्याच्यासाठीं दुसऱ्या माणसाचे अडीच तास हक्कानें मागावेसे वाटतात, त्यास. क्रांति चौकाजवळच्या त्या घरांत चार पहिले क्रमांक निघाले, याचें वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. आजीनें नातीचा, नातीनें आजीचा, आईनें वडिलांचा आणि वडिलांनीं आईचा चित्रपट पाहावयाचा, एवढें ठरलें तरी नव्या वर्षाच्या पहिल्या चार संध्याकाळी चांगल्या कामीं लागल्या. आणि त्या पाहण्यानंतर कोणाचा क्रमांक खालींवर झाला, तर वहींत खोडून पुन्हा लिहिण्यास जागा ठेवलेली असावी.