एकाच वाहिनीवर मोटर आणि दिवे : मुख्य फ्यूज किती क्षमतेचा असावा?

नागपूर जिल्ह्यात, काटोल-नरखेडच्या संत्राबागांपासून रामटेक-मौद्याच्या धानपट्ट्यापर्यंत, कोणत्याही गावी सायंकाळी एक दृश्य हमखास दिसते. नळयोजनेचा पंप सुरू होतो, पथदिवे क्षणभर मंदावतात आणि पुन्हा पूर्ववत होतात. कधी मात्र मुख्य पेटीतील फ्यूज उडतो आणि गाव अंधारात बुडते. मग कोणीतरी जाणकार म्हणविणारा गृहस्थ किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार गुंडाळतो. दुसऱ्या दिवसापासून तक्रार उरत नाही. परंतु त्याबरोबर संरक्षणही उरत नाही. उपस्थितांपैकी पुष्कळांच्या गावी हे घडलेले असेल. म्हणूनच फ्यूजची योग्य क्षमता कशी ठरते, हे पंचायतीच्या सदस्यांनी आणि शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

गावठाणाचा वीजपुरवठा कृषिपंपांपासून वेगळा करण्याची योजना महावितरणने राज्यात राबविली. त्यामुळे उच्चदाब वाहिन्यांवरील मिश्र भाराचा प्रश्न बराच सुटला. तथापि पंचायतीच्या पंपगृहात आजही एकाच केबलवर पंप आणि दिवे हे दोन्ही भार असतात.

या दोन भारांचा स्वभाव भिन्न आहे. दिवा लावताच त्याचा प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. मोटर मात्र थेट सुरू केल्यास पहिले काही सेकंद पूर्णभाराच्या सुमारे सहापट प्रवाह घेते. स्टार-डेल्टा स्टार्टर असल्यास तोच प्रवाह सुमारे दुपटीवर येतो. हा क्षणिक प्रवाह म्हणजे दोष नव्हे. तो सहन करावा, पण केबल वा मोटरमध्ये शॉर्टसर्किट झाल्यास विनाविलंब तुटावे, ही दुहेरी अपेक्षा फ्यूजकडून असते.

एक उदाहरण घेऊ. एका पंपगृहात 415 व्होल्ट, तीन फेजच्या पुरवठ्यावर 10 अश्वशक्तीचा एक आणि 5 अश्वशक्तीचा एक असे दोन पंप आहेत. त्यांचे पूर्णभार प्रवाह अनुक्रमे सुमारे 14 व 7.5 ॲम्पियर आहेत. पथदिवे व कार्यालय यांचा 6 किलोवॅटचा भार तिन्ही फेजवर समान वाटल्यास प्रत्येक फेजवर सुमारे 8 ॲम्पियर होतात. मोठा पंप स्टार-डेल्टा स्टार्टरवर असून त्याचा स्वतःचा फ्यूज 25 ॲम्पियरचा आहे. लहान पंप थेट सुरू होतो व त्याचा फ्यूज 20 ॲम्पियरचा आहे.

येथे दोन चुका संभवतात. पहिली, केवळ चालू प्रवाहांची बेरीज करणे. ती 29.5 येते आणि 32 ॲम्पियरचा फ्यूज पुरेसा वाटतो. परंतु इतर भार चालू असताना लहान पंप सुरू झाला, तर काही सेकंद सुमारे 67 ॲम्पियर वाहतात. शिवाय 32 आणि 25 यांत अंतर अल्प असल्याने मोठ्या पंपातील दोषासाठी मुख्य फ्यूजही उडण्याची शक्यता राहते. दोष पंपाचा आणि अंधार गावाला! दुसरी चूक म्हणजे सर्व फ्यूजांची बेरीज करणे. 25, 20 आणि दिव्यांच्या फ्यूजचे 10 मिळून 55 होतात आणि 63 ॲम्पियरचा फ्यूज बसविला जातो. मग केबल तापत राहते, फ्यूज मात्र शाबूत!

योग्य रीत या दोहोंच्या मधली आहे. ज्या मोटरचा फ्यूज सर्वांत मोठा, त्याची क्षमता पूर्ण धरावी. उरलेल्या मोटरींचा केवळ पूर्णभार प्रवाह मिळवावा. त्यात दिव्यांचा भार घालावा. म्हणजे 25 अधिक 7.5 अधिक 8, एकूण 40.5. ही मर्यादा होय. म्हणून तिच्या आतील प्रमाणित क्षमतेचा, म्हणजे 40 ॲम्पियरचा एचआरसी फ्यूज निवडावा. एका वेळी एकच मोटर सुरू होईल, हे या रीतीचे गृहीतक आहे. ऑटोस्विच लावलेले असल्यास वीज परत येताच सर्व पंप एकदम सुरू होतात आणि हे गृहीतक कोसळते. ऑटोस्विच काढावेत, किंवा पंप वेळेच्या अंतराने सुरू होतील अशी व्यवस्था करावी.

फ्यूज ठरला तरी केबल तपासल्याशिवाय काम पुरे होत नाही. केबलची वहनक्षमता फ्यूजपेक्षा कमी असता कामा नये. ही क्षमता हवेत टाकलेल्या केबलसाठी सामान्यतः 40 अंश सेल्सियसला दिलेली असते. नागपूरचा मे महिना तर 45 अंशांच्या घरात जातो. पीव्हीसी केबलची क्षमता तेथे सुमारे दशांशाने घटते. तक्त्यात 50 ॲम्पियर असलेली केबल उन्हाळ्यात 45 समजावी. 42 ॲम्पियरची केबल मात्र उदाहरणातील 40 च्या फ्यूजला अपुरी ठरेल.

आणखी एक गैरसमज दूर व्हावा. मुख्य फ्यूज केबलचा रक्षक आहे, मोटरचा नव्हे. मोटरचे अतिभारापासून रक्षण स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले करतो. तो मोटरच्या पाटीवरील प्रवाहानुसार लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वेटोळ्याच्या परिपथात असल्यास त्या प्रवाहाच्या 58 टक्के, म्हणजे उदाहरणात सुमारे 8 ॲम्पियरवर ठेवावा. तीनपैकी एक फ्यूज उडाला तर मोटर दोन फेजवर घरघरत राहते आणि जळते. त्यासाठी सिंगल फेज प्रतिबंधक बसविणे आवश्यक आहे.

हे हिशेब प्रत्येक सदस्याने स्वतः करावेत अशी अपेक्षा नाही. ते काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचे आहे. पंचायतीने मात्र चार गोष्टी मागाव्यात : भारांची यादी, फ्यूजचा हिशेब, केबलची क्षमता आणि चाचणी अहवाल. हा हिशेब पंपगृहाच्या दारामागे तक्त्यावर लिहून ठेवावा आणि त्याच क्षमतेचे जादा फ्यूज पेटीजवळ ठेवावेत. फ्यूज उडाल्यावर बदली फ्यूज हाताशी असला, तर जाड तार शोधण्याची वेळ येणार नाही. उडालेला फ्यूज म्हणजे बिघाडाची सूचना होय. तिचे कारण आधी शोधावे आणि मगच नवा फ्यूज बसवावा, एवढी शिस्त गावाने पाळली तरी मोटरीही वाचतील आणि माणसेही.