वही कोणाची, नोंद कशाची?



स्वमग्न मुलांना नोंदी ठेवून कसं शिकवावं, यावर मला बोलायचं आहे. पण आईवरच्या आरोपाला वळसा घालून या विषयाकडे जाता येत नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचं वर्णन केलं आणि पुढे कित्येक वर्षं ‘आई थंड, म्हणून मूल असं’ हे तज्ज्ञच सांगत राहिले. बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली हा दोष आईचा नाही असं मांडलं, तरी १९६७ साली ब्रुनो बेटलहाइमनी तोच आरोप पुस्तकभर केला. शास्त्राने तो आता टाकून दिला आहे. घराघरांत मात्र तो चालूच आहे. आई नोकरी करते म्हणून, मोबाइल हातात दिला म्हणून!

आमच्याकडे येणाऱ्या एका आईचा सात वर्षांचा मुलगा संध्याकाळी स्वतःचं मनगट चावायचा. तो बोलत नाही. सासूबाई म्हणत लाडावलाय, शाळा म्हणे हट्टी आहे. आम्ही वहीत तीन रकाने आखले. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. ‘चिडला’ असं लिहायचं नाही, ‘मनगट चावलं’ असं लिहायचं. १४ दिवसांत १८ नोंदी झाल्या आणि त्यांतल्या ११ कुकरच्या शिट्टीच्या वेळच्या निघाल्या. चावलं की त्याला गॅलरीत नेलं जायचं. म्हणजे त्याला सुटका हवी होती आणि ती मागायची तेवढी एकच रीत त्याच्याकडे होती. मग ‘बाहेर’चं चित्रकार्ड द्यायला शिकवलं. त्याचीही नोंद ठेवली: हात धरून दिलं, खुणेने दिलं की आपणहून दिलं. हात धरण्याच्या नोंदी कमी होईनात, तर शिकवण्याची पद्धत बदलायची. मुलाला नावं ठेवायची नाहीत. यासाठी संगणक लागत नाही, पेन्सिल पुरते.

पण मोजायचं काय, हे कोण ठरवतं? लोव्हास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या प्रयोगात आठवड्याला ४० तास शिकवणी होती आणि मांडीवर चापटही होती. आजही डोळ्यांत बघतो का, हात हलवणं थांबवलं का, हेच मोजणारे आहेत. हात हलवण्याने कोणाचं काय बिघडतं? अनेक स्वमग्न प्रौढ स्वतः याला विरोध करतात. ‘नीट बस, नीट हस’ ऐकत वाढलेल्या आपल्याला तरी तो समजायला हवा.

आणि लिहायचं कोणी? २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. त्यावर आता ही वही. म्हणून आम्ही चौथा रकाना आखतो, ‘नोंद कोणी केली’. त्या घरात तो महिनाभर एकाच नावाने भरला. तेव्हा कुठे वडिलांनी रविवार आणि बुधवार घेतला.

शाळेचीही सुटका नाही. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझम आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे प्रत्येक अपंग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं हे सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांचं काम आहे. तेव्हा ‘घरी बघा’ म्हटलं, की शाळेची नोंद दाखवा म्हणायचं, आणि तेही लेखी. अर्जाचा मसुदा आणि आखलेली पानं चहाच्या टेबलावर ठेवली आहेत. जाताना घेऊन जा.