मेंढीच्या खिम्याची ग्रीक वडी

आज मी आपल्याला एका परदेशी पदार्थाची कृती सांगणार आहे. परदेशी म्हटल्याबरोबर दचकू नका. नाव तेवढे परके आहे. पदार्थ उलगडून पाहिला तर आत निघतो खिमा, कांदा, लसूण, पुदिना, शिळा पाव आणि सोबतीला काकडीचे दही. ग्रीस देशात खिम्याच्या अशा चपट्या भाजलेल्या वडीला ‘बिफ्तेकी’ म्हणतात. तीच वडी गोल पावात घालून हातात धरून खाल्ली की अमेरिकन रिवाजाने तिचा ‘बर्गर’ होतो. जे मांसाहार करीत नाहीत त्यांनीही रेडिओ बंद करू नये. या कृतीत दोनचार गोष्टी अशा आहेत की त्या प्रत्येक घराच्या आणि प्रत्येक शाळेच्या उपयोगी पडतील.

प्रथम त्या देशाविषयी थोडेसे. ग्रीस म्हणजे डोंगर आणि समुद्र. जमीन खडकाळ, उन्हाळा कोरडा, गवत थोडे. गाईम्हशींना पुरेल असा चारा सगळीकडे नाही. म्हणून तिथला शेतकरी पिढ्यान् पिढ्या मेंढ्या-बकऱ्या राखीत आला. आपल्या माणदेशाचे आणि जत-सांगोल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे फार समजावून सांगायला नको. मेंढीची लोकर घ्यायची, दूध घ्यायचे, त्या दुधाचे खारे चीज करायचे आणि सणावाराला कोकरू कापायचे, असा तो संसार. त्या खाऱ्या चीजला ‘फेटा’ म्हणतात. आपल्या डोक्यावरच्या फेट्याशी त्याचा काही संबंध नाही, बरं का! या चीजमध्ये निदान सत्तर टक्के दूध मेंढीचे असावे लागते, बाकीचे बकरीचे चालते. २००२ सालापासून युरोपीय संघाच्या कायद्याने हे नाव ग्रीसमधल्या ठरावीक भागांतल्या चीजलाच राखून ठेवले आहे. मेंढपाळाच्या मालाला कायद्याने नाव मिळाले, हे आपल्या पशुपालकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

पण म्हणून तिथला शेतकरी रोज मांस खात असे, असे समजू नका. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्रीट बेटावरच्या खेड्यांत रोजचे जेवण म्हणजे पाव, कडधान्ये, पालेभाज्या आणि ऑलिव्हचे तेल. मांस क्वचित. त्यात चर्चने सांगितलेले उपवास वर्षात सुमारे निम्मे दिवस. तेव्हा मांस घरात आले की ते थोडे असे, आणि खाणारी तोंडे पुष्कळ. मग गृहिणीने काय करावे? तिने मांसाचा खिमा केला, त्यात शिळा पाव भिजवून मिसळला, कांदा घातला, रानातली सुगंधी पाने घातली आणि तेवढ्यावर सगळ्यांची ताटे वाढली. आपल्याकडे खिम्यात बटाटा किंवा डाळ घालतात, त्यातलाच हा प्रकार.

गुरुजनांसाठी इथे एक गंमत सांगतो. फारसीत ‘कूफ्तन’ म्हणजे कुटणे. त्यावरून कुटलेल्या मांसाच्या गोळ्याला नाव पडले ‘कोफ्ता’. हाच शब्द तुर्कस्तानात ‘कोफ्ते’ झाला, ग्रीसमध्ये ‘केफ्तेदेस’ झाला आणि पूर्वेकडे आला तो आपल्या ताटात कोफ्ता म्हणूनच राहिला. भूगोलाच्या तासाला नकाशावर इराण, तुर्कस्तान, ग्रीस आणि हिंदुस्थान यांवर बोट ठेवून हा एक शब्द मुलांना दाखवा. व्यापार आणि राज्ये यांच्याबरोबर शब्द कसे हिंडतात, हे त्यांना चटकन कळेल.

शब्द हिंडतात तसे माणसांनाही हिंडावे लागते, कधी कधी फार दुःखाने. १९१९ ते १९२२ या काळात ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध झाले. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना हे मोठे बंदर, म्हणजे आजचे इझ्मिर, आगीत सापडले. जानेवारी १९२३ मध्ये लोझान येथे करार झाला आणि धर्म पाहून माणसांची अदलाबदल ठरली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती माणसे ग्रीसमध्ये आली आणि तिकडून साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. ग्रीसची मूळ वस्तीच तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास. घरे गेली, शेते गेली, दुकाने गेली. पण हाताची चव बरोबर आली. स्मिर्नाकडच्या बायका खिम्यात जिरे आणि लसूण घालून लांबट गोळे करीत आणि टोमॅटोच्या रश्शात सोडीत. त्यांना ‘सुत्सुकाकिया’ म्हणतात. आज ग्रीसमध्ये तो घरोघरचा पदार्थ आहे, आणि स्मिर्नाचे नाव त्याला अजून चिकटलेले आहे. १९४७ नंतर कल्याणजवळच्या छावणीत आलेल्या सिंधी बांधवांची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही. त्यांचे दाल-पकवान आज उल्हासनगरातच नव्हे, तर साऱ्या मुंबईभर लोक आवडीने खातात.

आता कृतीकडे वळू. लिहून घेणारांनी कागद-पेन्सिल घ्यावी. हे प्रमाण सहा वड्यांचे आहे.

मेंढीच्या मांसाचा खिमा अर्धा किलो. एक मध्यम कांदा. लसणीच्या दोन-तीन पाकळ्या. शिळ्या पावाच्या दोन कापा. मूठभर पुदिना. अर्धा चमचा जिऱ्याची पूड, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा मीठ, आणि एक मोठा चमचा तेल. चमचा म्हणजे चहाचा चमचा. शिवाय शंभर ग्रॅम खारे चीज.

आपल्याकडे बाजारात नुसते ‘मटण’ मागितले तर बहुधा बकऱ्याचे मिळते. मेंढीचे हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे. पुण्याकडे त्याला ‘बोलाईचे मटण’ म्हणतात. बोल्हाई देवीला मानणारी घराणी बकरा वर्ज्य करून मेंढीच खातात, म्हणून हे नाव. जनावर जितके कोवळे तितका वास सौम्य, कारण मेंढीचा तो विशिष्ट वास मुख्यतः चरबीत असतो. पण चरबी अजिबात काढून टाकू नका. पाच भागांत एक भाग चरबी राहिली तर वडी रसाळ होते, नाहीतर ती कोरडी पडते. खांद्याचे मांस यासाठी चांगले. बकऱ्याचा खिमा घेतला तरी चालेल, मात्र त्यात चरबी कमी म्हणून तेल एक चमचा जास्त घाला.

ग्रीक लोक यात ‘रिगानी’ नावाचा वाळलेला पाला चुरून घालतात. शहरातल्या दुकानांत तो ‘ओरेगॅनो’ म्हणून मिळतो. खेड्यात तो कुठला मिळणार? पण पुष्कळांच्या अंगणात पानओवा असतो, जाड लुसलुशीत पानांचा. त्याचा आणि रिगानीचा वास बराच जवळचा आहे, आणि दोन्ही तुळस-पुदिन्याच्या कुळातले आहेत. त्याची तीन-चार पाने बारीक चिरून घातली की काम भागते. फेटा न मिळाला तर घरी दूध फाडून पनीर करा, दाबून घट्ट करा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर थंड जागी ठेवा. फेट्याचा आंबटपणा त्यात येणार नाही, पण खारेपणा येईल.

पाव पाण्यात भिजवून पिळून घ्या. कांदा किसून त्याचेही पाणी पिळून काढा, नाहीतर वडी तव्यावर फुटते. चीज सोडून बाकीचे सगळे जिन्नस खिम्यात घाला आणि हाताने तीन-चार मिनिटे मळा. मीठ आणि मळणे यांमुळे मांसातली प्रथिने सुटतात, चिकट होतात आणि वडीला धरून ठेवतात. पाव मांसातून सुटणारा रस शोषून घेतो, म्हणून वडी भाजल्यावरही मऊ राहते. नंतर चीज कुस्करून हलके मिसळा. चीज फार खारट असेल तर मीठ आधीच निम्मे करा. सहा सारखे गोळे करून दोन सेंटिमीटर जाडीच्या वड्या थापा, आणि प्रत्येकीच्या मध्यभागी अंगठ्याने किंचित खळगा करा. भाजताना कडा आक्रसतात आणि मधला भाग फुगतो. खळग्यामुळे ती सपाट राहते.

लोखंडी तवा चांगला तापवा, थोडे तेल सोडा, आणि मध्यम आचेवर एकेक बाजू पाच ते सहा मिनिटे भाजा. निखाऱ्यावर जाळी ठेवून भाजल्या तर अधिक चांगले. उलथण्याने वडी दाबू नका. तो ‘चर्र’ आवाज कानाला गोड लागतो खरा, पण तो वडीतला रस निखाऱ्यात चालल्याचा आवाज असतो!

सोबतीला दही. ग्रीक लोक दही फडक्यात बांधून त्याचे पाणी काढतात. आपण श्रीखंडासाठी चक्का टांगतो, अगदी तसेच. त्या चक्क्यात काकडी किसून, पिळून घाला. लसूण, मीठ आणि थोडे तेल घाला. याला ते ‘झाझिकी’ म्हणतात. आपण काकडीची कोशिंबीर म्हणू. पाव चिरून तव्यावर शेका, त्यात वडी, कांद्याच्या चकत्या, टोमॅटो आणि हे दही घाला. पाव नसेल तर ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर ती वडी काही कमी चांगली लागत नाही.

आता जे सांगतो ते कृपा करून नीट ऐका, कारण ते चवीपेक्षा महत्त्वाचे आहे. अखंड मांसाच्या तुकड्यावर रोगजंतू असले तर ते बहुधा वरच्या बाजूला असतात, आणि वरून भाजले की मरतात. खिमा करताना मात्र वरचे मांस आत जाते आणि जंतू सगळीकडे पसरतात. म्हणून खिम्याची वडी आतपर्यंत शिजलीच पाहिजे. मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे. घरात तापमापक नसेल तर एक वडी मधोमध मोडून पाहा. आत गुलाबी दिसले किंवा लालसर रस आला तर पुन्हा तव्यावर ठेवा. रंगावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून रंग गेल्यावरही मिनिटभर अधिक भाजावे. लहान मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत तर हयगय नकोच.

खिमा आणल्यावर लगेच वापरावा. उन्हाळ्यात तास-दीड तास उघड्यावर राहिलेला खिमा सरळ टाकून द्यावा. पैसे गेल्याचे वाईट वाटेल, पण दवाखान्याचे पैसे त्याहून जास्त होतात. शीतकपाट असले तरी एका-दोन दिवसांच्या आत तो संपवावा. कच्च्या मांसाची पाटी, सुरी आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काकडी-टोमॅटोला लावू नयेत.

आणखी एक गोष्ट, विशेषतः जत्रेत किंवा लग्नकार्यात गावातच मेंढरे कापली जातात तेथील मंडळींसाठी. कधी कधी मेंढीच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसतात. त्या गाठी म्हणजे एका पट्टकृमीची पिले असतात. ते अवयव आपण कुत्र्यांपुढे फेकले की कुत्र्याच्या आतड्यात तो कृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत, भाजीवर आणि मुलांच्या हातांवर येतात. तिथून ती माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी होतात, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेची पाळी येते. याला हायडॅटिड रोग म्हणतात. जिथे जिथे मेंढ्या आणि कुत्री एकत्र नांदतात तिथे तो आढळतो. ग्रीसमध्येही आणि आपल्याकडेही. नीट शिजवलेले मांस खाऊन तो होत नाही. तो होतो फेकलेल्या अवयवांमुळे आणि न धुतलेल्या हातांमुळे. उपाय बिनखर्चाचा आहे. गाठी असलेले अवयव खोल खड्ड्यात पुरावेत किंवा जाळावेत, कुत्र्यांना देऊ नयेत. धनगरवाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्यांना पशुवैद्याकडून वेळच्या वेळी कृमीचे औषध द्यावे. शिक्षकांना माझी विनंती आहे की जत्रेच्या आधीच्या आठवड्यात एवढे तरी मुलांना फळ्यावर चित्र काढून समजावून सांगावे. मेंढी, कुत्रा, मूल आणि त्यांना जोडणारे बाण. एवढे चित्र पुरे होईल.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी अर्धा किलोच मटण घरात आले आणि पाहुणे सहा असले, तर घाबरून जाऊ नका. दोन कापा शिळा पाव आणि परसातला पुदिना आणा, आणि ग्रीसमधल्या त्या सुगरणीप्रमाणे कामाला लागा. हात धुऊन सुरुवात करा, वडी आतपर्यंत भाजा, आणि उरलेसुरले कुत्र्याला टाकण्याआधी एकदा नीट बघून घ्या.