मुलीची सायकल आणि गावचा रस्ता

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते. माझी मुलगी त्या वर्षी आठवीत गेली होती. सकाळी चहाच्या वेळी ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, यंदा मी शाळेत सायकलने जाणार." शाळा आमच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत. मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, "नाही." तिने विचारले, "का?" त्या एका अक्षराला उत्तर देताना मी असा काही अडखळलो की, अजून पुरता सावरलेलो नाही. आज मी आपल्याशी जे बोलणार आहे, तो त्या उत्तराचाच एक प्रयत्न आहे असे समजावे.

माझी अडचण अशी की, मी स्वतः सायकलीवर वाढलेला मनुष्य आहे. सांगलीत आमच्या वेळी तासाच्या भाड्याने सायकल मिळे. पाय पुरत नसत, म्हणून नळीखालून एक पाय पलीकडे घालून आम्ही ती हाणत असू. पडत असू, गुडघे फोडून घेत असू, आणि घरी येऊन ते लपवीत असू. आमच्या आईवडिलांना काळजी नव्हती असे नाही. परंतु त्यांची काळजी गुडघ्यापुरती होती. माझी काळजी मात्र मुलीच्या जिवापर्यंत जाऊन पोचते. एका पिढीत एवढा फरक कसा पडला?

आता आमच्या गावाविषयी थोडे सांगतो. आम्ही कोलशेतला राहतो. कापूरबावडीच्या नाक्यावरून ढोकाळीच्या बाजूने रस्ता खाडीकडे निघतो, तो कोलशेतला येतो. पुढे उल्हास नदीची खाडी आणि खाडीपलीकडे भिवंडी तालुका. मूळ गाव आगरी-कोळ्यांचे. मग या रस्त्यावर कारखाने आले. हवाई दलाचे केंद्रही इथेच आहे. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली आणि कोलशेतसारखी गावे शहराच्या पोटात आली. पुढे कारखाने एकेक करून बंद झाले आणि त्यांच्या जमिनींवर तीस-तीस मजल्यांचे मनोरे उभे राहिले. एका मनोऱ्यात एका जुन्या वाडीएवढी माणसे राहतात, आणि घरटी एक तरी मोटार असते. ही सारी मंडळी सकाळी एकाच वेळी एकाच रस्त्यावर उतरली म्हणजे काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकाल. घोडबंदर रस्त्यावरचे मालमोटारींचे दळण तर आणखी वेगळेच.

गावातले एक वयस्क कोळी गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांना म्हणालो, "रस्ता केवढा मोठा झाला हो आता!" ते म्हणाले, "झाला खरा, मास्तर. पण रस्ता लहान होता तेव्हा आम्हाला त्याच्यात जागा होती. आता तो मोठा झाला, नि आमचीच जागा गेली." मी भूगोल शिकवतो. इतक्या वर्षांत जे मला वर्गात नीट सांगता आले नाही, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

आपण म्हणाल, सायकल हे आता हौशी लोकांचे प्रकरण झाले आहे; रविवारी पहाटे रंगीत टोप्या घालून येऊरच्या पायथ्यापर्यंत जाणारी मंडळी वेगळी आणि रोजच्या पोटापाण्याची धावपळ वेगळी. मलाही तसेच वाटत होते. म्हणून एकदा सकाळी साडेसहा वाजता मी आमच्या नाक्यावर तासभर नुसता उभा राहिलो. आपणही आपल्या नाक्यावर उभे राहून पाहा. रात्रपाळी संपवून घरी जाणारा वॉचमन सायकलीवर होता. पाववाला, दूधवाला, वर्तमानपत्रे टाकणारा पोऱ्या, इमारतीच्या कामावर निघालेले गवंडी, हे सगळे सायकलीवर होते. घरकामाला येणाऱ्या बायका पायी चालत होत्या, आणि फुटपाथवर गाड्या उभ्या असल्यामुळे रस्त्याच्या कडेने चालत होत्या. म्हणजे सायकल गेलेली नाही. ज्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही, त्यांच्याकडे ती गेली आहे. माझी मुलगी ज्या धोक्यात जाऊ नये म्हणून मी तिला अडवले, त्या धोक्यात ही माणसे रोज जात होती आणि मी मोटारीच्या काचेतून ते पाहत होतो.

दुसरी एक गोष्ट मला लाजवून गेली. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे सुमारे एकतृतीयांशाने वाढले, असे त्यांना आढळले. आणि ज्या गावांना शाळा लांब पडत होती तिथे हा फरक विशेष दिसला. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते. तिकडे सरकार मुलीच्या हाती सायकल देते आहे, आणि इकडे ठाण्यासारख्या शहरात एक शिकलासवरलेला प्राध्यापक बाप आपल्या मुलीच्या हातातून ती काढून घेतो आहे!

बरे, माझी भीती खोटी म्हणावी तर तसेही नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू वेगामुळे झाले. हा वेग काय करतो, ते साध्या गणिताने पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. समोर मूल आले हे दिसून पाय ब्रेकवर पडायला चांगल्या चालकालाही सेकंदभर लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच १४ मीटर गेले. गाडी पुरती थांबेपर्यंत आणखी तितकेच जातात. तीच गाडी ताशी ३० च्या वेगाने असेल, तर कोरड्या रस्त्यावर ती एकूण १३ मीटरच्या आसपास थांबलेली असते. पहिली गाडी जिथे ब्रेक लावायला सुरुवात करते, तिथे दुसरी उभी राहिलेली असते! मूल तेच, रस्ता तोच, फरक एवढाच. म्हणूनच २०२० साली स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने, जिथे पायी चालणारे व सायकलवाले गाड्यांमध्ये मिसळतात तिथे वेगाची मर्यादा ३० असावी, असे जाहीर केले.

सायकलींचा देश म्हणून हॉलंडचे नाव आपण ऐकतो आणि म्हणतो, त्यांचे काय, त्यांची सवयच तशी! परंतु १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेच्या वर मुले होती. तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते आणि सायकली कडेला ढकलल्या जात होत्या. एका पत्रकाराची मुलगी अशाच अपघातात गेली. त्याने १९७२ मध्ये लेख लिहिला, त्याचे शीर्षक होते 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले. पुढच्याच वर्षी तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. आज तिथे वर्षाला सातशेच्या आसपास मृत्यू होतात. ही त्यांची जन्मजात सवय नव्हे. पन्नास वर्षे नेटाने केलेले ते काम आहे.

घराजवळचे उदाहरण पुण्याचे. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती, त्या पुण्याच्या महापालिकेने २०१७ मध्ये सायकलींसाठी सर्व शहराचा आराखडा मंजूर केला. त्याआधीही काही रस्त्यांवर सायकलमार्ग झाले होते. पण तिथून जाणाऱ्याला ठाऊक आहे की, मार्ग मध्येच तुटतो. कुठे खांब आडवा येतो, कुठे गाडी उभी असते. सायकलमार्गाची गोष्ट साखळीसारखी आहे. शंभर कड्या धड असल्या आणि एक तुटलेली असली, तरी सायकल चालत नाही. म्हणून नवा लांबलचक मार्ग मागण्याच्या आधी तुटलेली कडी शोधावी, असे मला वाटते.

आणि ही कडी पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. गटारावरच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या तर सायकलीचे चाक त्यांत अडकते. त्याच आडव्या बसवल्या तर अडकत नाही. पादचाऱ्यांनी जिथे ओलांडायचे, तिथे रस्ता फुटपाथच्या उंचीला आणला तर गाड्यांचा वेग आपोआप उतरतो. उभ्या मोटारीचे दार उघडताना दाराजवळच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने उघडले, तर मान आपोआप मागे वळते आणि येणारा सायकलवाला दिसतो. याला तर पैसाही लागत नाही.

झाडांचेही तसेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या डांबरावरून कोण सायकल चालवील? रस्त्याच्या कडेला करंज, बकुळ, ताम्हण अशी आपल्या मातीतली झाडे दाट असली, तर त्याच उन्हात दोन किलोमीटर जड जात नाहीत. परंतु आपण झाड लावतो आणि मग फरशी घालताना त्याच्या बुंध्याला गळफास देतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या दारच्या झाडाभोवती एक मीटर माती मोकळी ठेवायला आपल्याला कोणाच्या हुकमाची वाट कशाला पाहायला हवी? कोलशेत-ढोकाळीच्या बाजूला २०२४ मध्ये साडेवीस एकरांचे मोठे उद्यान खुले झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिथे जाण्यासाठी पुष्कळ मंडळी मोटार काढतात! उद्यानापर्यंतची वाट सावलीची आणि निर्धोक असती, तर तीही उद्यानाचाच भाग झाली असती. झाड आणि सायकल ही दोन कामे नव्हेत, एकच आहे.

आता पुन्हा माझ्या मुलीकडे येतो. मी तिच्या शाळेचा रस्ता कागदावर काढला, आणि मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तिच्या वाटेचा मोठा भाग आमच्या आणि शेजारच्या दोन संकुलांच्या आतल्या शांत रस्त्यांवरून जाऊ शकत होता. मध्ये अडचण होती ती कुंपणाच्या भिंतींची. त्या भिंतींत फाटके होती. पण बांधकाम संपल्यापासून त्यांना कुलपे होती. तीनशे मीटरवर राहणाऱ्या मैत्रिणीकडे जायला मुलांना हमरस्त्याने किलोमीटरभर वळसा पडत होता. मी रस्त्यावरच्या गाड्यांना दोष देत होतो आणि कुलपाची किल्ली आमच्याच कार्यालयात खिळ्याला टांगलेली होती!

मी हा विषय सर्वसाधारण सभेत मांडला. अपेक्षेप्रमाणे गदारोळ झाला. कोणी म्हणाले, चोर येतील. कोणी म्हणाले, मूल पडले तर जबाबदार कोण? सेक्रेटरींनी विषय पुढच्या सभेवर ढकलायचे ठरवले होते, एवढ्यात मागच्या रांगेतल्या एक वृद्ध बाई उठल्या. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कामाला येते ती बाई गेली पाच वर्षं त्या भिंतीला वळसा घालून, हमरस्त्यावरून येते. तिला पावसात काय होतं, हे विचारलंय का कुणी?" कोणी विचारले नव्हते. मीही नाही. मी माझ्या मुलीपुरताच विचार करून उभा राहिलो होतो.

शेजारच्या दोन संकुलांशी बोलणी व्हायला दिवाळी उजाडली. आता सकाळी आणि दुपारी शाळेच्या वेळेला फाटके उघडतात. वॉचमन तिथे बसतो. त्याचा थोडा पगार तिघांनी वाटून घेतला आहे. आमच्याकडची अकरा मुले त्या वाटेने सायकलने जातात, आणि कामाला येणाऱ्या बायकाही जातात. चोर अजून आलेला नाही.

तरीही सगळे झाले असे मी म्हणणार नाही. शेवटी हमरस्ता एके ठिकाणी ओलांडावाच लागतो. तिथे उंच केलेला ओलांडा व्हावा म्हणून आम्ही अर्ज केला आहे, आणि त्या अर्जाचे काय झाले हे विचारण्याचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्या प्रत्येकाला दिला आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, सदोष रस्त्यामुळे कोणाचा जीव गेला तर रस्ता करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. ही साधने आहेत; ती गंजू देऊ नयेत. तोपर्यंत आम्ही पालक पाळीपाळीने तिथे उभे राहतो. माझी पाळी गुरुवारी असते. मुलगी ओलांडताना माझा हात नकळत तिच्या सायकलीच्या कॅरिअरवर जातो, आणि ती म्हणते, "बाबा, सोडा की आता!"

अजून सोडवत नाही. ज्या दिवशी तो ओलांडा होईल, त्या दिवशी सोडीन.

वाचकहो, आपल्याही भिंतीत एखादे कुलूप घातलेले फाटक असेल. आज संध्याकाळी फिरायला जाल, तेव्हा ते कुठे आहे, आणि त्याची किल्ली कोणाकडे असते, एवढे पाहून या.